माळ्यावरची दुनळी: वारशाने आलेल्या जुन्या बंदुकीची किंमत कशी ठरली

गिरगावातल्या एका चाळीचा पुनर्विकास ठरला, खोल्या रिकाम्या करायची तारीख आली आणि माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली एक दुनळी बंदूक खाली उतरली. वारस तिघे. थोरला भाऊ त्याच खोलीत राहणारा, धाकटा ठाण्याला, बहीण पुण्याला. वडील चार वर्षांपूर्वी गेलेले. बंदूक मूळची आजोबांची, गाव राजापूर तालुक्यातलं. घरात समज असा की ती पेशवाईतली आहे आणि पूर्वजांपैकी कुणाला तरी एका सरदाराने बक्षीस दिलेली आहे. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर इंग्रजी अक्षरं होती: ‘मँटन, लंडन’. धाकट्याने हे नाव इंटरनेटवर शोधलं, परदेशी लिलावांतले आकडे पाहिले आणि बहिणीचा तिसरा हिस्सा किती लाखांचा होईल यावर घरात बोलणी सुरू झाली.

शेवटी वाटणीसाठी जो आकडा तिघांनी मान्य केला तो चोवीस हजार रुपयांचा होता. लाखांवरून हजारांवर येण्याची कारणं बंदुकीतच होती, पण ती वाचायला योग्य क्रमाने जावं लागलं. जुन्या बंदुकीची किंमत विचारायला निघालेले बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात: आधी घासूनपुसून चकचकीत करतात, मग फोटो काढून दलालाला पाठवतात, आणि परवान्याचा विचार सगळ्यात शेवटी. या घरातही सुरुवात तशीच झाली होती.

भरलेली आहे का?

ही ठासणीची बंदूक. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायचे, मागच्या टोकाला निपल नावाच्या बारीक नळीवर टोपी बसवायची, आणि घोडा त्या टोपीवर पडला की ठिणगी आत जाते. कोकणात या टोपीला केप म्हणतात. अशा बंदुकीत काडतूस नसल्यामुळे मागून उघडून पाहता येत नाही. डोळ्यांना रिकामी दिसणारी नळी भरलेली असू शकते. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. कोरडं राहिलं तर पन्नास वर्षांनीही ते पेट घेतं. रानडुकरासाठी रात्री भरून ठेवलेली आणि डुक्कर न आल्याने तशीच राहिलेली बंदूक कोकणातल्या घरात सापडणं नवलाचं नाही.

तपासायची रीत सोपी आहे. घोड्यांना आणि चापांना हात लावायचा नाही. नळीचं तोंड माणसांपासून दूर, शरीराचा कुठलाही भाग तोंडासमोर नाही. एक सरळ लाकडी काठी, शक्यतो बांबूची, हळूच नळीत टेकेपर्यंत सोडायची आणि तोंडाशी पेन्सिलीने खूण करायची. मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून आत ती कुठपर्यंत पोचली ते बघायचं. रिकाम्या नळीत काठी निपलच्या जवळपास पोचते. लोखंडी सळई वापरायची नाही. ठिणगीचा धोका असतो आणि नळी आतून खरवडली जाते.

या दुनळीत नळ्यांची बाहेरची लांबी ७६ सेंटिमीटर होती. उजवीकडे काठी ७४ सेंटिमीटर आत गेली, डावीकडे साडेअडुसष्टवरच थांबली. साडेपाच सेंटिमीटरचा फरक. सोळा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) नळीत नेहमीचा बार, म्हणजे चार-साडेचार ग्रॅम दारू, वर ती दाबून धरणारं बुच, मग अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास छर्रे आणि पुन्हा बुच, साधारण तेवढीच जागा घेतो. डावी नळी भरलेली होती, असंच धरून चालायचं होतं. निपलवर टोपी नव्हती, हे नशीब.

इथे घरच्यांनी करायची गोष्ट एकच: बंदूक जशी आहे तशी आडवी ठेवायची, मुलांना त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही आणि पोलीस ठाण्याला कळवताना ‘भरलेली असण्याची शक्यता आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. बार काढणं हे परवानाधारक बंदूक कारागिराचं काम. तो निपल काढून आत पाणी सोडतो, दारू भिजवून निकामी करतो, मग गजाच्या टोकाला मळसूत्री हूक लावून बुच ओढतो. पाण्यामुळे सोरा विरघळतो, आणि तो नळीत राहिला तर लोखंड झपाट्याने गंजतं. म्हणून नंतर कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून तेलाचा हात द्यावा लागतो. घाईत ही शेवटची पायरी गाळली जाते आणि शंभर वर्षं टिकलेली नळी एका पावसाळ्यात आतून खड्ड्याखड्ड्यांची होते.

कागद

गोणपाटाबरोबर पत्र्याच्या डब्यात परवान्याचं पुस्तक निघालं. पहिला परवाना आजोबांच्या नावावर, शेतीसंरक्षणासाठी, १८७८च्या जुन्या शस्त्र कायद्याखालचा. आजचा शस्त्र अधिनियम १९५९चा असला तरी तो अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ला, म्हणून त्याआधीचे परवाने जुन्या कायद्याचे असतात. पुढे वडिलांच्या नावावर नोंद, आणि नूतनीकरणाचा शेवटचा शिक्का १९९४चा. बंदुकीचं वर्णन ‘डीबीएमएल’ असं होतं, म्हणजे दुनळी, तोंडाने भरायची. पुस्तकात निवडणुकांच्या काळात पोलीस ठाण्यात बंदूक जमा केल्याच्या पाच-सहा पावत्याही होत्या. चापाभोवतीच्या कडीवर छिन्नीने ठोकलेला एक क्रमांक होता; तोच परवान्यात होता.

हा जुळलेला क्रमांक या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा ठरला. ‘घरात एक बंदूक सापडली’ आणि ‘परवान्यावर असलेली अमुक क्रमांकाची बंदूक वारशाने आली, परवाना लयाला गेलेला आहे’ या दोन विधानांत पोलीस ठाण्यात फार फरक पडतो. किमतीतही पडतो, कारण ज्या शस्त्राचा उगम कागदावर दाखवता येत नाही ते कायद्याने वागणारा कुणीच विकत घेत नाही.

१९९४च्या नूतनीकरणाची मुदत संपल्यावर परवाना नसल्यामुळे ताबा बेकायदा झालेला होता, मग बंदूक माळ्यावर नुसती पडून असो की गंजलेली असो. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. हे वाचून घाबरून बंदूक खाडीत टाकणारे किंवा भंगारवाल्याला देणारे लोक असतात. दोन्ही गोष्टी गुन्ह्यात भर घालतात. मार्ग कायद्यातच दिलेला आहे: कलम २१. परवाना संपल्याने किंवा अन्य कारणाने ताबा बेकायदा झाला असेल तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. जमा करणाऱ्याला, आणि तो मयत असेल तर त्याच्या वारसाला, ताबा कायदेशीर झाल्यावर ते परत घेता येतं, किंवा कायद्याने घेऊ शकणाऱ्या माणसाला विकता येतं. मात्र ठरावीक मुदतीत यातलं काहीच केलं नाही तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. मूल्यांकन, वारसांची संमती, परवान्याचा अर्ज, सगळं या मुदतीच्या आत बसवावं लागतं. जमा करताना मुदत किती ते लेखी विचारून घ्यावं.

बंदूक टॅक्सीत टाकून ठाण्यात नेण्याची चूक करू नये, कारण वाहून नेणं हाही परवान्याचाच विषय आहे. थोरल्याने वकिलाकडून एक पानाचा अर्ज लिहून घेतला, त्याला परवान्याच्या पुस्तकाच्या प्रती आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडला, ठाण्यात पोच घेतली. पोलीस घरी आले, पंचनामा झाला, आणि त्यांच्या पत्रावर परवानाधारक विक्रेत्याच्या माणसाने बंदूक ताब्यात घेतली. विक्रेत्याकडे महिन्याचं भाडं द्यावं लागतं. तरी किंमत काढायची असेल तर ते परवडतं. मुद्देमालाच्या खोलीत मुंबईच्या दमट हवेत बंदूक ढिगात पडून राहते आणि पाहणाऱ्याला प्रत्येक वेळी वेगळी परवानगी लागते.

पंचनाम्याचे शब्द महत्त्वाचे. ‘एक जुनी गंजलेली बंदूक’ एवढंच लिहिलं गेलं तर उद्या गज, निपल किंवा एखादा घोडा गायब झाला तरी बोलायला जागा उरत नाही. या वर्णनात एकूण लांबी, नळ्यांची लांबी, पट्टीवरची अक्षरं, कडीवरचा क्रमांक, पितळी टोकाचा लाकडी गज आणि दोन्ही घोडे यांचा उल्लेख आग्रहाने करून घेतला गेला. फोटो आधीच काढलेले होते.

खुणा काय म्हणाल्या

पेशवाईची कहाणी निपलपाशीच संपली. टोपीवर चालणारी बंदूक ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. अलेक्झांडर फॉर्सिथ यांचं स्फोटक चूर्णाने बार पेटवण्याचं पेटंट १८०७चं, आणि तांब्याच्या टोप्या शिकारी बंदुकांत रुळल्या त्या १८२०च्या दशकात. पेशवाई १८१८ला बुडाली. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, आधीच्या बंदुकीला पुढे टोपीची यंत्रणा बसवल्याची उदाहरणं असतात, त्यामुळे तेही तपासलं गेलं: तशा बंदुकीत पट्टीवर जुन्या रंजकपात्राच्या (ठिणगी झेलणाऱ्या दारूच्या वाटीच्या) स्क्रूची बुजवलेली भोकं दिसतात आणि नळीच्या बाजूला निपलसाठी गोळा जोडलेला असतो. इथे तसं काही नव्हतं. बंदूक जन्मापासूनच टोपीची.

राहिलं नाव. जोसेफ मँटन आणि त्याचा भाऊ जॉन हे लंडनचे त्या काळातले अत्यंत नावाजलेले बंदूक कारागीर. जोसेफ १८३५ला वारला. नाव एवढं मोठं की इतरांनी ते आपल्या स्वस्त मालावर सर्रास कोरलं. म्हणून ‘मँटन’ ही अक्षरं दिसली की आनंदाआधी शंका घ्यावी. खऱ्या मँटन बंदुकीला अनुक्रमांक असतो. पट्टीवरचं नाव सुबक, खोल, हाताने कोरलेलं असतं. दुकानाचा रस्ता बहुधा दिलेला असतो, आणि त्या दर्जाच्या लंडनच्या बंदुकांवर मागच्या टोकाशी सोन्याचा बारीक शिक्का, प्लॅटिनमची बुचं असं काम अनेकदा दिसतं. या दुनळीवर नुसतं ‘मँटन, लंडन’. अक्षरांची उंची कमीजास्त, कोरीव वेलबुट्टी उथळ, आणि अनुक्रमांक कुठेच नाही. कडीवरचा क्रमांक जिल्ह्याच्या कचेरीचा.

निकाल मात्र नळीखालच्या शिक्क्यांनी दिला. हे शिक्के वरून दिसत नाहीत, लाकडात लपलेले असतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवरून कुणी किंमत सांगत असेल तर तो अंदाजच असतो. नळ्या उतरवायच्या तर दोन्ही घोडे अर्ध्यावर घ्यायचे, दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाच्या, पुढच्या टोकातली आडवी पाचर एका बाजूने ढकलून काढायची आणि नळ्यांचं तोंड वर उचलायचं. मागचं टोक हुकमधून अलगद सुटतं. पाचर गंजून बसलेली असली तर हातोडी मारायची नाही. तेलाचा थेंब सोडून एक-दोन दिवस थांबायचं, मग लाकडी ठोकळ्याने हळू दाबायचं. हे कामसुद्धा विक्रेत्याकडच्या कारागिराने केलं. घरगुती पेचकस जुन्या स्क्रूच्या अरुंद खाचेत बसत नाही, निसटतो आणि खाच फाडतो. फाटलेल्या खाचा पाहिल्या की जाणकार पहिल्या मिनिटाला किंमत खाली आणतो.

नळ्यांच्या बुडाशी लंबवर्तुळात ‘ई एल जी’ ही अक्षरं आणि खाली तारा असा शिक्का निघाला. हा बेल्जियममधल्या लीएज शहराच्या चाचणीगृहाचा. त्या काळात नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती झाडून बघत, आणि टिकलेल्या नळीवरच शिक्का मारत. १८९३पासून या लंबवर्तुळावर मुकुट आला. इथे मुकुट नव्हता. शेजारी छोट्या खांबासारखी दुसरी खूण होती, जी लीएजने १८५३पासून वापरली. म्हणजे बंदूक १८५३ ते १८९३ या चाळीस वर्षांतली, जोसेफ मँटनच्या मृत्यूनंतर किमान अठरा वर्षांनी बनलेली, आणि लंडनची नाहीच. ‘१६.८’ हा आकडाही होता, नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये. सोळा बोअरचं माप तेवढंच येतं. आतला व्यास मोजणाऱ्या कॅलिपरने तोंडाशी मोजल्यावर १७.० आणि १७.१ आलं. शंभर वर्षं गज घासल्याने एवढी झीज होते.

आपल्याकडच्या घरांत सापडणाऱ्या ठासणीच्या बंदुकांवर लीएजखेरीज बर्मिंगहॅमचे शिक्के बरेच दिसतात: मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३चं, आणि हा नमुना १९०४पर्यंत चालला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी बंदुकांवर १८०८नंतर मागच्या पायांवर उभा, हातात मुकुट धरलेला सिंह असतो. देशी तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, बंदुकीवर चाचणीचा शिक्का असतच नाही. तिथे नळीचा घाट, दस्त्याचा बाक आणि जामगी, म्हणजे ती वात, धरणारा आकडा यांवरून प्रांत आणि काळ ठरतो, आणि तो निवाडा फोटोवर होत नाही. ‘टॉवर’ हा शब्द आणि पितळी जडावकाम असलेली पिस्तुलं चोरबाजारात मटण स्ट्रीटवर पुष्कळ दिसतात. त्यांतली बहुतेक शोभेसाठी अलीकडे घडवलेली. एकसारखा सगळीकडे चढवलेला गंज, ओतीव धातूची शिवण आणि पूर्ण आरपार नसलेली नळी ही त्यांची ओळख.

झीज, दुरुस्ती आणि एमरी पेपर

बंदूक सापडल्यावर पहिल्याच रविवारी धाकट्याने उजव्या बाजूची पट्टी एमरी पेपरने घासली होती. तेवढ्या भागावरचं कोरीव काम अर्धं गेलं आणि लोखंड उघडं पडून आठ दिवसांत त्यावर नवा नारिंगी गंज चढला. जुना गडद तपकिरी थर हा लोखंडाचं संरक्षणही असतो आणि वयाचा पुरावाही. तो एकदा गेला की पुन्हा आणता येत नाही. रसायनाने आणलेला थर जाणकाराला ओळखू येतो. वारशाच्या शस्त्रांचं जेवढं नुकसान पावसाने केलं नसेल तेवढं दिवाळीच्या साफसफाईने केलेलं आहे, आणि हे बघताना खरोखर वाईट वाटतं.

नळ्या दमास्कस पद्धतीच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून एकजीव केलेल्या. नशिबाने त्यांना कुणी हात लावला नव्हता आणि तेलाचा बोळा फिरवल्यावर लहरींची नक्षी दिसली. नळीच्या दुसऱ्या टोकाशी दिवा धरून आत पाहिलं की प्रकाशाची गोल वलयं दिसतात; जिथे वलय मोडतं तिथे पोचा किंवा फुगवटा असतो. उजव्या नळीत तोंडापासून वीसेक सेंटिमीटरवर एक पोचा होता. डावी आतून खरबरीत होती, जुन्या बारामुळे.

उजवा घोडा बदललेला होता. डाव्याच्या मानेवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी, उजव्यावर नाही, आणि त्याचं तोंड निपलवर सरळ न बसता किंचित बाहेर झुकत होतं. मुठीपाशी दस्ता चिरलेला होता आणि गावच्या कारागिराने त्यावर पितळी पत्रा बसवून बारीक चुका मारल्या होत्या. ही दुरुस्ती काढून टाकून नवं लाकूड बसवावं का, असं थोरल्याने विचारलं. मुळीच नाही. जुनी, प्रामाणिक दुरुस्ती ही वस्तूच्या आयुष्याचा भाग असते आणि तिच्यामुळे किंमत फारशी घटत नाही. नव्या लाकडाने मात्र नक्की घटते. गज मूळचा होता. गज हरवलेल्या बंदुका इतक्या असतात की मूळ गज असणं ही जमेची बाजू.

झाडून बघण्याचा मोह कुणाला झाला तर तोही इथेच थांबवलेला बरा. या नळ्या काळ्या दारूसाठी बनलेल्या. आजच्या धूररहित दारूचा दाब त्या पेलत नाहीत आणि फुटतात.

आकडा

किंमत विचारण्याआधी ती कशासाठी हवी ते ठरवावं लागतं. विम्यासाठीची किंमत म्हणजे तशी दुसरी मिळवायला लागणारा खर्च, ती चढी असते. विक्रेता देऊ करतो ती त्याचा नफा, साठवण आणि जोखीम वजा जाऊन, म्हणून ती उतरती. भावंडांच्या वाटणीसाठी लागते ती यांच्या मधली: सगळं माहीत असलेला, घाई नसलेला ग्राहक कायदेशीरपणे जे देईल ते. मूल्यांकनकाराला हे कारण लेखी सांगावं आणि अहवालातही ते यायला हवं.

परदेशी लिलावांत अनोळखी कारागिराची अशी बेल्जियन दुनळी शे-दीडशे पौंडांपासून तीनशेपर्यंत जाते. धाकट्याने पाहिलेले आकडे मूळ पेटीतल्या, अस्सल मँटन बंदुकांचे होते. शिवाय ते मागितलेले भाव होते. तुलना करायची ती झालेल्या विक्रीशी, आणि त्यातूनही लिलावगृहाचं दलाल-शुल्क वजा करून.

पण पौंडांचा आकडा रुपयांत आणून थांबता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाखाली पुरावशेष ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मोडलं तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. धाकट्याचा मुलगा अमेरिकेत असतो. तो सामानातून घेऊन जाईल, हा विचार तिथल्या तिथे सोडावा लागला. त्यामुळे ग्राहक भारतातलाच. तो परवानाधारक असेल तर त्याच्या परवान्यावर जागा हवी, कारण २०१९पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि त्या दोनांतली एक जागा कुणी झाडायची नसलेल्या बंदुकीसाठी सहसा देत नाही.

आणखी एक दार आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियमांत स्पष्ट केलं की दुर्मीळ-शोभेच्या, म्हणजे ‘क्युरिओ’ वर्गातल्या शस्त्रांच्या ताब्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. वापरायला, बाळगून फिरायला आणि वाहून न्यायला मात्र लागतो. आपली बंदूक या वर्गात बसते असं वारसाने स्वतःच ठरवून ती भिंतीवर टांगणं धोक्याचं. परवाना प्राधिकाऱ्याकडून, मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडून, तसं लेखी मिळवावं. कलम ४५ची सूटही लोक चुकीची वाचतात. ती जुनाट शस्त्राला आहे खरी, पण दुरुस्ती करूनही जे बंदूक म्हणून चालणार नाही अशालाच. ही दुनळी निपल साफ केल्यावर चालली असती.

नळीला भोक पाडून ती कायमची निकामी करावी, म्हणजे कटकट मिटेल, असा सल्ला विक्रेत्याने दिला. तो नाकारला गेला, आणि बरं झालं. एकदा पाडलेलं भोक बुजत नाही, संग्राहकाच्या दृष्टीने वस्तू अर्धी होते. बाकी सगळे मार्ग संपल्यावरच तो विचार.

तीन आकडे हाती आले. मटण स्ट्रीटच्या एका दलालाने फोटोवरून तीन लाख सांगितले आणि ‘आधी माल दाखवायला आणा’ म्हणाला. परवान्याचं नाव काढल्यावर फोन उचलणं बंद केलं. विक्रेत्याने लेखी चौदा हजार देऊ केले. कलावस्तूंच्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराने विक्रेत्याकडे जाऊन, नळ्या उतरवून पाहणी केली आणि चोवीस ते तीस हजार असा पल्ला दिला. त्याची फी ठरलेल्या रकमेची होती. किमतीच्या टक्क्यावर फी घेणारा किंवा स्वतःच विकत घेऊ इच्छिणारा माणूस मूल्यांकनासाठी निवडू नये. त्याच्या अहवालात घासलेल्या पट्टीसाठी आणि बदललेल्या घोड्यासाठी वजावट स्पष्ट लिहिलेली होती, आणि परवान्याचं पुस्तक व पावत्यांसाठी भर. राजापूरच्या शेतकऱ्याची बेल्जियन बंदूक, जुन्या कायद्याखालचा परवाना आणि निवडणुकीच्या जमा-पावत्या, हे सगळं एकत्र असणं कोकणातल्या शेतीच्या इतिहासासाठी मोलाचं आहे. नुसत्या बंदुकीपेक्षा जास्त, असं म्हणायलाही हरकत नाही. वस्तुसंग्रहालयातल्या अभ्यासकाला दाखवली तर तो वस्तू काय आहे हे सांगेल, किंमत सांगणं हे त्याचं काम नव्हे.

पट्टी घासली गेल्यामुळे धाकट्याने पल्ल्याचा खालचा आकडा धरायला स्वतःहून मान्यता दिली. चोवीस हजार, प्रत्येकी आठ. थोरल्याने बंदूक ठेवायचं ठरवलं, दोघांना आठ-आठ हजार धनादेशाने दिले, दोघांनी नोटरीसमोर ना-हरकत प्रतिज्ञापत्रं केली. ती प्रतिज्ञापत्रं, मृत्यूचा दाखला, जुनं परवाना-पुस्तक, मूल्यांकन अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडून वारस म्हणून परवान्याचा अर्ज आयुक्तालयात गेला, आणि बंदूक क्युरिओ ठरत असेल तर तसं लेखी कळवावं अशी विनंती त्याच अर्जात केली. निर्णय लागेपर्यंत बंदूक विक्रेत्याकडेच राहील. जमा-मुदत संपण्याआधी ती वाढवून मागण्याचा अर्ज तयार ठेवलेला आहे, आणि विक्रेत्याला लेखी सूचना आहे: चामड्याच्या किंवा मखमली पेटीत ठेवू नये, त्या ओल धरतात, सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या बाजूला ठेवून, पावसाळ्यात दर पंधरवड्याला लोखंडावर पातळ मशीन ऑइलचा हात फिरवावा, आणि उजव्या पट्टीवर आता काहीही घासू नये.